अंगठ्याखालची पट्टी

नेमबाजी क्लबात दुरुस्तीच्या खिडकीपुढे रांग खोळंबली होती. रांगेत मागे उभ्या पहारेकऱ्याला पुढचं वयस्कर जोडपं नीट ऐकू येत होतं.

"मिस्त्री, तिसरी खेप! गोळ्या संपल्या की वरची सरकती स्लाइड मागे अडकायला हवी ना? नवं कोरं पिस्तूल, पण संपल्याचं सांगतच नाही!"

"काका, माझ्या हातात दोन्हीदा अडकली. रिकामंच धरून दाखवा बरं."

"हे घ्या. चाळीस वर्षांची पकड आहे."

"अहो, गोळ्या संपल्या की ही बारकी पट्टी आपोआप वर येते, मग स्लाइड अडते. तुम्ही तीच अंगठ्याखाली दाबून धरलीय! कशी सांगणार ती?"

"पण माझी पकड..."

"पुरे!" शेजारी उभ्या काकू म्हणाल्या. "लेक काही न सांगताच घर सोडून गेली, असं जगभर सांगत फिरता. आधी अंगठा उचला."