अंगठी, लेथ आणि माझीच पाटी

...खरा आहे हो, खरा! हात लावून बघा हवं तर! हिरा उजेडात धरून बघा, डोळ्याला लावून बघा, पण तेवढं तोंड वाकडं करून 'मशीनमधला ना?' असं विचारू नका. तुम्हाला सांगतो, महिनाभर तेच ऐकतोय, कान किटलेत माझे! आणि माझ्याकडे असं कीव आल्यासारखंही बघू नका. अंगठी माझ्या खिशात आहे म्हणजे तिने नकार दिला असं नाही. होकार दिलाय! सगळ्या कारखान्यादेखत दिलाय, टाळ्या पडल्यात! मग अंगठी माझ्या खिशात कशी? सांगतो ना... तेच सांगायला तर उभा राहिलोय!

तर मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. समोर सगळे 'साहेब' म्हणतात, पाठ फिरली की 'हेल्मेट'. का, तर मी लोकांना दहाच्या दहा बोटं घेऊन घरी पाठवतो, हा माझा गुन्हा! मशीन शॉपच्या दारावर मी स्वतः पाटी लावलीय, हाऽऽ एवढी, लाल अक्षरात. 'फिरत्या मशीनवर हातमोजे, अंगठी, घड्याळ, गळ्यातलं... काहीही चालणार नाही.' 'काहीही'च्या खाली दोन रेघा! त्या पाटीचा मला कोण अभिमान! आणि त्याच दारातून आत गेलं की खिडकीजवळच्या लेथवर ती. लोखंडाचा ओबडधोबड दांडा लावते आणि असा गुळगुळीत शाफ्ट काढते की बघत राहावं. मी बघतच राहिलो. मग एकदा चहा पाजला, मग रोजच पाजायला लागलो, शेवटी तीच म्हणाली, "साहेब, जन्मभर नुसता चहाच पाजणार का?" कामावर साहेब म्हणते हो, टोमणा असतो तो, बाहेर सरळ अरे-तुरे! पण पहिल्याच चहाला तिने बजावून ठेवलं होतं, "मला बाकी काहीही चालेल, खोटं चालणार नाही."

आता अंगठी घ्यायची तर बोटाचं माप नको? सरळ विचारलं तर तिला कळणार. मग मी काय डोकं लढवलं! जाहीर करून टाकलं, नवे हातमोजे येणार आहेत, सगळ्यांची मापं घ्यायचीत! रांग लावली, आणि कागदाची पट्टी घेऊन एकेकाची अनामिका मोजतोय. आमचे मिशीवाले फोरमन हात पुढे करून म्हणतात, "साहेब, एकाच बोटाचं माप? बाकीची चार काय उघडी हिंडणार?" म्हटलं, "नवीन पद्धत आहे." तर म्हणे, "जरा लांबूनच मोजा, बायको संशयी आहे माझी." मग तिची पाळी आली. तिने हात पुढे केला, माझ्याकडे बघितलं, माप दिलं आणि गेली आपल्या लेथकडे. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, काय बेमालूम जमवलंस!

दुकानात गेलो. काउंटरवर एक बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं साखरेत घोळलेलं. दोन अंगठ्या पुढ्यात ठेवल्या. "सर, एक हिरा खाणीतला, एक प्रयोगशाळेत वाढवलेला. ओळखा." अहो, मला लांबून सैल बोल्ट दिसतो! मी छातीठोकपणे बोट ठेवलं, "हा खाणीतला!" "नाही सर, हा लॅबमधला." "मग तो खाणीतला असणार!" "तोच राहिलाय, सर." मग म्हणाली, "दोन्ही खरेच. एकाला जमिनीने घडवलं, एकाला मशीनने. फरक एवढाच, की तेवढ्याच पैशात लॅबमधला मोठा येतो." मोठा! बस्स, माझ्या अंगातच आलं! गोल दाखवा, चौकोनी दाखवा, लांबुडका दाखवा! "कुशन कट दाखवू का?" म्हटलं, कुशन दाखवा, गादी दाखवा, जे असेल ते दाखवा! बाईने बिचारीने विचारलंसुद्धा, "सर, मॅडम हातांनी काम करतात का? तसं असेल तर बसकी अंगठी घ्या, उंच हिरा कशातही अडकतो." आणि मी! रोज त्या पाटीखाली उभा राहून 'अडकेल, अडकेल' म्हणून कोकलणारा मी काय म्हणालो? "उंचच द्या! लांबून दिसली पाहिजे!"

घरी आईला दाखवली. "अगं बाई, किती सुंदर रे! ...पण खरा का?" खरा आहे गं, खरा! मशीनमध्ये वाढवलाय. "मशीनमध्ये? म्हणजे कपडे धुतो तसा?" आता हिला काय सांगणार? "अरे, एवढी गुणाची पोरगी मिळतेय आणि तू तिला कारखान्यातला हिरा देणार? जमिनीतल्याने काय घोडं मारलं होतं तुझं?" झालं! इतका वेळ हवेत होतो तो धाडकन खाली! कारण ती पहिल्याच चहाला म्हणाली होती ना, खोटं चालणार नाही! तिने अंगठी बघून तोंड फिरवलं तर? सगळंच मुसळ केरात! आरशासमोर उभं राहून सराव केला, "खरा आहे गं, खरा..." छे! जितक्यांदा म्हणावं तितकं जास्तच खोटं वाटायला लागलं!

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी. मशिनं बंद, ती लेथ पुसतेय. मी गेलो, गुडघ्यावर बसलो, नेमका तेलाच्या डागावर. डबी उघडली, आणि 'माझ्याशी लग्न करशील का' म्हणायच्या ऐवजी तोंडातून काय बाहेर पडलं? "हा मशीनमध्ये बनलाय!"

सगळा शॉप डबे टाकून भोवती गोळा. तिने गॉगल कपाळावर चढवला, अंगठी उजेडात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली... मी म्हटलं, संपलं! आणि ती म्हणते, "कुठल्या मशीनवर?" "अं?" "दाब किती लागतो? तापमान किती? तयार व्हायला वेळ किती?" मला कुठे माहीत! म्हटलं, "खरा आहे हो, खरा!" घाबरून मी तिला 'गं' सोडून 'हो' म्हणालो, 'हो'! तशी हसली. "अरे वेड्या, मी सकाळपासून मशीनवर शाफ्ट काढतेय, ते काय खोटे आहेत? कोणीतरी मशीनपुढे उभं राहून, जीव लावून काढला असेल हा. ह्याहून खरा कुठला आणणार होतास? आता मुद्द्याचं विचार. हातमोज्यांच्या दिवसापासून वाट बघतेय मी."

"म्हणजे... तुला कळलं होतं?"

"लेथवर हातमोजे चालत नाहीत, हे दारावर कोणी लिहिलंय, साहेब?"

विचारलं! मी विचारलं आणि ती हो म्हणाली! अहो, काय त्या टाळ्या! फोरमन कळकट फडक्याने डोळे पुसताहेत, तोंडभर ग्रीस. मी रडलो हो, सरळ रडलो, लाज कसली? आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता! तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ती वळली. अंगठीवाला हात लेथच्या बटणाकडे गेला, तो उंच हिरा असा लखलखला, आणि माझ्या तोंडून... सवय हो, सवय! मी केवढ्याने तरी ओरडलो, "थांब! अंगठी काढ!"

फोरमन म्हणाले, "अहो साहेब, एवढ्यात मोडलंत?"

कोणी म्हणालं, साखळीत ओवून गळ्यात घालू दे. पाटी वाचा! कोणी म्हणालं, मग ती पाटीच काढा, तुमचीच तर आहे. पाटी काढू? अहो, तिची बोटं आहेत ती! मला दहाच्या दहा हवीत, जन्मभर हवीत! नाही काढणार!

मग ठरलं. सकाळी दारात अंगठी माझ्या हातात, संध्याकाळी परत तिच्या बोटात. पण ती कसली वस्ताद! म्हणते, "रोज काढून घेतोस, तर रोज विचारायचंही. नीट. गुडघ्यावर." झालं! रोज संध्याकाळी, माझ्याच पाटीखाली, मी गुडघ्यावर. येणारे-जाणारे डबे हलवत बघताहेत. फोरमन मागून म्हणतात, "साहेब, कालच्यापेक्षा आज जरा बरं होतं." आणि ती हात पुढे करून मुद्दाम विचारते, "पण खरं ना?" खरं आहे गं, खरं!

आणि आज? आज बसलो, विचारलं, डोळ्यांत अगदी पाणीबिणी आणून विचारलं. तर जांभई देत म्हणते, "साहेब, आज फार दमलेय हो... उद्या विचारा." आणि गेली की बसमध्ये चढून!

म्हणून अंगठी खिशात! हसताय काय? लग्न ठरलंय हो माझं, खरंच ठरलंय... फक्त उद्या संध्याकाळपासून.