कोनशिलेमागची इमारत

हसू नका, विद्यापीठातल्या इमारतींचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. केलगेरी तळ्याच्या बाजूला गवतात एक कोनशिला आहे, पण इमारत कुठेच नाही. म्हातारे माळी बसप्पाअण्णा कानडी हेलात म्हणाले, "दगड बसवला, पेढे वाटले, सगळे घरी गेले. इमारत कुठली री, बांधलीच नाही!"

मी तसंच लिहिलं. इतिहास लिहून घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष भडकले. "अब्रू घालवता काय? पावसात पडली म्हणून लिहा."

लिहिलं बापडं.

पुस्तक निघालं त्या दिवशी एक निवृत्त प्राध्यापक डोळे पुसत माझ्याकडे आले. "बरं झालं लिहिलंत. बारा वर्षं शिकवलं हो मी त्या पडलेल्या इमारतीत. काय वारा यायचा, चारी बाजूंनी!"