अळूखालची पणती

नाव सुचेता हरीश बोरुडे, वय ४४, नोकरी रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात, राहणार कार्डिफ. तारीख २६ ऑक्टोबर २००६.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या सासूबाई द्रौपदी म्हणाल्या होत्या, "सुचेता, पणती कुणाचीही असो, रिकामी ठेवू नये." बागेत सापडलेल्या दिव्यावरच्या ताज्या काजळीचं कारण एवढंच आहे. हा जबाब सासूबाईंना वाचून दाखवता यावा म्हणून परवानगीने मराठीत देत आहे. इंग्रजी प्रत सोबत आहे.

शनिवारी, १४ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास सासूबाई (वय ७६) मागच्या बागेत थंडीआधी अळूचे गड्डे काढत होत्या. दीड फुटावर मातीचा दिवा निघाला. वरून बंद, पुढे चोच. घर कौन्सिलचं असून आमच्याआधी तिथे गुजराती कुटुंब होतं. "पटेलबाईंची पणती राहिली गं," म्हणून सासूबाईंनी तो घासून धुतला. २१ला लक्ष्मीपूजनाला तेलवात घालून आमच्या अकरा पणत्यांशेजारी ठेवला. तो सगळ्यांत शेवटी विझला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उरलेले गड्डे काढताना हाडं दिसली. मी लगेच पोलिसांना फोन केला. सासूबाई मला विचारत राहिल्या, "पटेलबाईंना कुणी पुरलं असेल का गं?" सोमवारी पटेलबाईच लीड्सहून फोनवर म्हणाल्या, "माजी, हुं तो जीवती छुं!" तरी सासूबाई नीट जेवल्या नाहीत. कुणाचा तरी दिवा न विचारता लावला, एवढंच म्हणत.

काल पुरातत्त्व खात्याच्या बाईंनी सांगितलं, की हाडं रोमन काळातल्या एका वयस्क स्त्रीची आहेत, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. दिवा तिच्या उशाशी ठेवलेला असावा. सासूबाईंनी मला ते दोनदा मराठीत सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे म्हातारीची दिवाळी आपल्याकडे झाली की!" त्यांनी हाडांवर उभारलेल्या तंबूजवळच्या पोलीस शिपायाला चिवडा दिला, स्वतः दोन वाट्या खाल्ला. माझे पती हरीश कामावरून लवकर आले. पुढे तासभर घरात जी हसाहशी चालली, ती नोंदवण्यासारखी नाही.

जबाब सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: तेल तिळाचं होतं. बाकी जसं घडलं तसं आहे.

एक विनंती. त्या बाईला ६ नोव्हेंबरला इथून हलवणार आहेत. ५ला त्रिपुरी पौर्णिमा आहे. त्या संध्याकाळी तिचा दिवा अर्धा तास तिच्या उशाशी लावू द्यावा. अशी परवानगी मिळत नाही, हे जबाब घेणाऱ्या साहेबांनी मला आधीच सांगितलं आहे. तरी लिहून घ्यावं. तेल-वात आम्ही आणू.