योसेफ सुटला का?

त्या रविवारी मी चर्चला दांडी मारून चादरी धूत होतो, तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. "सर, आज उपासनेला पाच नवीन माणसं! वचनाचं सामर्थ्य बघा!"

त्यांच्या इतक्या वर्षांच्या उपदेशांनी एक माणूस वाढला नव्हता, म्हणून मी विचारलं, "रस्ता चुकली असतील का?"

ती आमची शेजारीण नंदाबाई आणि तिच्या घरची मंडळी निघाली. माझी बायको रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बायबल वाचायची. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती एवढ्या मोठ्यानं वाची की भिंतीपलीकडेही सगळं ऐकू जाई. गेल्या महिन्यात ती वारली, तेव्हा गोष्टीतला योसेफ तुरुंगात होता.

संध्याकाळी नंदाबाई भिंतीवरून म्हणाली, "तुमच्या पाळकांनी तासभर तारणाचं, पापातनं सुटायचं सांगितलं. लई भारी हाय ते. पर मी इचारलं, पोरगं तुरुंगातनं सुटलं का न्हाई?"

"मग?"

"म्हनले, फुडच्या रविवारी या, सांगतो."

मला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदाच.

"सर, तवर तुमीच वाचा की. बाईंनी पानात खून ठिवली आसंल."

खूण आहे. मी अजून ते पान उघडलेलं नाही.