एक उभी रेघ

नाही, नाही — सही नका करू, मावशी, पेन खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! आधी मला सांगा, ही रेघ कोणी ओढली? ही इथे, विम्याच्या फॉर्मवर, 'नाही'च्या रकान्यातून, वरपासून खालपर्यंत — प्रश्न अकरा आणि रेघ एकच. बाजारात आला होता ना तो? तुमच्या टोपल्याशी उभा राहून, तुमचाच मक्याचा उंडा खात खात? किडकिडीत पोरगा, शर्टाला असाच बिल्ला? योस्मार तो. माझ्या मागून आलेला शिकाऊ. त्याला शिव्या नका देऊ, ही रेघ त्याला मीच शिकवली. हळू बोला जरा. आणि मागे वळून बघू नका. मागच्या बाकावर कोण बसलंय, सांगतो मग. तुमचा नंबर त्रेचाळीस — मग बसा निवांत, चव्वेचाळीसला थांबू दे. जितकं थांबेल तितकं बरं.

पाय बघू. लाजताय काय, मावशी, चपलेचा पट्टा रुतलाय त्या सुजेत! आणि त्या पिशवीतल्या गोळ्या कसल्या? साखरेच्या. आणि त्या पिवळ्या? दाबाच्या — बरं. म्हणजे दोन 'हो' तर इथे माझ्यासमोर खुर्चीवर बसलेत, आणि कागदावर अकराच्या अकरा 'नाही'. योस्मारने विचारलं तरी का? विचारलं असेल, आणि कसं तेही सांगतो — 'मावशी-तुम्हाला-मधुमेह-रक्तदाब-हृदयविकार-फेफरं-दमा-कर्करोग-असलं-काही-नाही-ना?' एका दमात, आणि बोलताना मान अशी डावी-उजवी, की समोरच्याचीही हलते. बघा, हलली तुमची! पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला वाटलं होतं जाड पुस्तक देतील, नववीत शाळा सोडलेला मी, घाबरलो होतो. पुस्तक कसलं! आरशासमोर उभं केलं आणि मान हलवायला लावली. शिकवणाऱ्या डोन्या ओल्फा, आमच्या शाखेच्या मोठ्या बाई — त्या आत काचेच्या खोलीत आहेत. हा वास येतोय ना, गुलाबासारखा? त्याच फवारतात रोज सकाळी. मेलेल्यांची माणसं घामेजून येतात म्हणे, ऑफिसात वास राहतो. पूर्वी मला आवडायचा तो वास. आता आत आलो की तोंडाने श्वास घेतो.

दुसरी गोष्ट शिकवली ती घरची दहा नावं. प्रत्येक नव्या शिकाऊने पहिल्या महिन्यात स्वतःच्या घरातल्या, नात्यातल्या दहा जणांचा विमा काढायचा. सराव म्हणून — अनोळखी माणसावर हात साफ करण्याआधी आपल्यांवर करायचा. मी वहीत पहिलं नाव काय लिहिलं? एलिएसेर. माझा भाऊ. तुम्ही ओळखत असाल त्याला, तुम्ही नदीपलीकडून येता ना? खालचा तराफा चालवायचा, तारेला धरून या काठावरून त्या काठावर, डोक्याला लाल फडकं — हां, तोच! तोच, मावशी. उंड्याच्या टोपल्या स्वतः उचलून ठेवायचा. हा शर्टही त्यानेच घेतलेला मला, ऑफिसात जायचं म्हणून दोन. तराफ्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, 'नीट बसा, नाहीतर यायिरला सांगीन, माझा भाऊ विमावाला आहे.' लाज वाटायची मला. मी म्हणायचो, गप ना रे.

तीन आठवडे झाले. चालत्या तराफ्यावर फेफरं आलं आणि तो पाण्यात गेला. सिनू नदी तिथे फार खोल नाही हो, उभं राहिलं तर गळ्यापर्यंत लागते. पण उभं राहता यायला हवं ना.

नाही, रडत नाहीये. पंख्याने डोळे कोरडे पडतात.

आता पुढचं ऐका, तुमच्या कामाचं आहे. विमा काढून दोन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला, की शिकाऊला दवाखान्यात पाठवतात. मीच जायचो. नर्सला गोड बोलायचं, थंड सरबत न्यायचं, मेलेल्याचा जुना कागद काढायला लावायचा. 'नाही'च्या मागे लपलेला 'हो' शोधून आणायचा — डोन्या ओल्फांचेच शब्द. एकदा एका म्हाताऱ्या शिंपिणीचं दाबाचं कार्ड मी कपाटामागून काढलं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या मला. आणि मी हसलो. तिची मुलगी इथेच बसली होती, तुमच्या खुर्चीत. बघा कशी गंमत — रेघ ओढणारे आम्ही, आणि रेघ खोटी निघाली की ती शोधून काढणारेही आम्हीच! एकच हात. हाच. धुतला तरी मला घाण वाटते त्याची.

एलिएसेरच्या वेळी मला नाही पाठवलं. योस्मारला पाठवलं, गुपचूप. मला काय माहीत? भावाच्या नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, वहिनीने आल्यागेल्याला कॉफी दिली, आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर इथे केक. दर महिन्याला ज्या शाखेने सर्वांत कमी दावे मंजूर केले तिला वरून केक येतो, तुम्हाला माहीत नसेल. पांढरं क्रीम, वर लाल जेलीत शाखेचं नाव. डोन्या ओल्फांनी स्वतः कापून मला दिला, 'खा, बाळा, वाळलायस.' मी खाल्ला. दोन तुकडे खाल्ले, मावशी. बोटं चाटली. मग दुपारी पत्रांच्या घड्या घालायला बसलो — ते शिकाऊचंच काम — आणि तिसऱ्या पत्रावर माझंच आडनाव. 'विमाधारकाने आपला आजार जाणूनबुजून दडवल्यामुळे दावा नामंजूर.' मी मोरीकडे धावलो. तो केक सगळा बाहेर आला. डोन्या ओल्फा दाराबाहेरून म्हणाल्या, 'एवढं मनावर घेऊ नकोस, शिकायला मिळालं ना तुला?'

आणि त्या पत्राची घडी मी घातली. हो, मीच! घातली, पाकिटात टाकली, चिकटवली. बघताय काय?

आता म्हणाल, भावाला विचारलं का नाही. विचारायला वेळ कुठे होता, दहा नावं, महिना संपत आलेला, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भरला फॉर्म, तो मासे साफ करत होता, हात खवल्यांनी भरलेले, म्हणाला तूच भर, मी सही तेवढी — नाही. नाही, असं नाही झालं. तो म्हणाला होता. सुरी खाली ठेवून म्हणाला, 'यायिर, माझ्या फेफऱ्याचं लिही हां, गोळ्यांचं पण लिही.' आणि मी हसलो. मी म्हटलं, 'या घरात विमावाला कोण, तू की मी?' मला माहीत नव्हतं का? सात वर्षांचा होतो तेव्हापासून त्याचं डोकं मी मांडीवर घेतलंय, फेस पुसलाय. मला माहीत होतं. 'हो' लिहिलं तर कागद वर जातो, डॉक्टरकडे जातो, महिना निघून जातो, माझी दहा होत नाहीत. म्हणून टोपण काढलं आणि ओढली. सरळ आली रेघ. मी त्याला दाखवलीसुद्धा — बघ, पट्टीशिवाय!

त्याने सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून, ओल्या हाताने. कागदावर अजून माशाचा डाग आहे.

पैशाचं जाऊ द्या. वहिनी पैशासाठी नाही आलेली. हो, तीच मागे बसलीय, हिरवा ब्लाऊज, मांडीवर पाकीट. मार्लेनिस. तिला तो म्हणाला होता, 'सगळं खरं सांगितलंय, काळजी करू नको.' आणि आता शिक्क्याचं पत्र सांगतं की दडवलं. काठावर लोक बोलतात, बायकोशीही खोटं बोलायचा, म्हणे. तिने त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. शेजारणीने सांगितलं मला, मी शनिवारपासून घरी गेलेलो नाही, बेकरीवाल्या मित्राकडे पडून असतो. जिवंतपणी कुणाला एक पेसो जास्त न मागणारा माझा भाऊ, आणि भिंतीकडे तोंड! आज ती एवढंच विचारायला आलीय, की तो कागद भरताना तो काय म्हणाला. कुणी भरला ते तिला ठाऊक नाही. तिला वाटतंय, मी तेव्हा इथे फक्त चहा-कॉफी देत होतो.

तुम्ही कोरा फॉर्म घ्या. दोन 'हो' लिहा, तुमच्या स्वतःच्या हाताने. हप्ता वाढवतील, कदाचित नाहीच म्हणतील — पण तुमच्या तोंडावर म्हणतील, तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकीला पत्र पाठवून नाही. आणि हा राहू द्या माझ्याकडे, योस्मारचा. लागेल मला. हात सोडा, मावशी. सोडा म्हणतो ना, लोक बघतायत, त्या काचेतून बघतायत. मला नको तुमचा उंडा, मी काही खात नाही हल्ली. उठा आता. जाताना तिच्याकडे बघू नका. जा!

चव्वेचाळीस.

चव्वेचाळीस नंबर... ये, वहिनी. बस. पाकीट राहू दे, उघडू नको, त्यात काय आहे मला माहीत आहे. हा कागद बघ. हा त्याचा नाही, दुसऱ्या कुणाचा आहे, पण ही रेघ बघ. आता माझा हात बघ —