पोकळ तुऱ्याचा आवाज

फुलसावंगीहून उमरखेडला निघालेल्या एसटीत रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटले होते, पण कान मागच्या सीटवर होते. तिथं वच्छलाबाई, त्यांचा नवरा घनश्याम आणि पुस्तक उघडून बसलेली नात वैष्णवी.

"आबा, हा पाहा कोरिथोसॉरस. बदकाच्या चोचीचा डायनोसॉर."

"माणसं खाये काय?"

"नाई, नुसता झाडपाला. शेकडो दात होते त्याले."

"म्हंजे रोहीच की, तुह्या पुस्तकातली नीलगाय! एका रात्रीत समदी तूर साफ."

"म्हणून त आज झटका मशीन घेऊच," वच्छलाबाई म्हणाल्या. "वावराच्या कुंपणाच्या तारेले करंट राह्यला का रोही येत नाई."

"कायले? मी मचाणावर जागतो ना!"

"आजी, त्याच्या डोक्यावर पोकळ तुरा होता. नाकातली हवा त्यात घुमे, अन् दूरच्या कळपाले समजे, असं लिवलं हाये."

"तुह्या आबाचंबी तसंच हाये. मचाणावर घोरणं घुमलं का रोह्यायले समजते, पंगत बसली."

"मी घोरत नाई! त्यायले भेव दाखोतो."

दोन थांबे गेले नाहीत, तोच मागून असा आवाज घुमला की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

रत्नप्रभाबाई वळल्या. "अहो, ते झटका मशीन कोणत्या दुकानात मिळतं?"

"कोठं हाये तुमचं वावर?"

"वावर कुठलं! घरी कोरिथोसॉरस आहे."