हात केला नाही!

म्हणजे हात केला नाही म्हणून गाडी परत फिरवायची? तुम्हाला सांगतो, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, बत्तीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला, पण असला रिकामटेकडेपणा...! आम्हीही समोरच्या ट्रकवाल्याला हात करायचो हो, पण त्याला अर्थ होता, पुढे वळणावर कुणीतरी कलंडलाय, हळू जा, बस्स. या बिनछपराच्या गाडीवाल्यांचा हात? नुसता रुबाब!

हा माझा मुलगा गौरेश. याने कुणाची तरी वापरलेली तांबडी गाडी घेतली, दोन माणसांची, छप्पर नाही, बसायचं तर खाली घसरायचं, उठायचं तर दुसऱ्याने ओढायचं. त्या दिवशी माझ्या नातीचं, तनयाचं लग्न, डिचोलीत, मुहूर्त अकरा बेचाळीस. गौरेश तिचा सख्खा मामा. मुलीला बोहल्यावर आणायचं, अंतरपाटाशी तिच्या पाठीमागे उभं राहायचं, मामाला दुसरं काम काय? माझ्या लेकीने, देवकीने, सकाळपासून तीनदा फोन केलेला, "दादा, वेळार यो हां!"

पेडण्याहून दहाला निघालो. निघाल्यापासून मला धडे! "बाबा, आपल्यासारखी गाडी दिसली की हात करायचा. स्वस्तातल्याने आधी, महागातल्याने मग. साध्या गाडीकडे बघायचंसुद्धा नाही." अरे, साध्या गाडीतून तुझा मेव्हणा फिरतो! मी टोपी घट्ट धरून बसलो.

धारगळला समोरून आली पिवळी गाडी. गौरेशने हात असा उंच केला, जसा काही मंत्रीच चाललाय... आणि पिवळीवाला सुसाट गेला. हात केला नाही!

"बाबा, तेणें हात केलो ना!"

"दिसला नसेल रे."

"दिसलो! मुद्दाम केलो ना!"

आणि काय सांगू, गाडी गर्रकन वळवली, तोंड थेट मांद्र्याकडे, डिचोलीच्या उलट! मी म्हणतो मुहूर्त, हा म्हणतो इज्जत! वाऱ्याने माझी नवी टोपी गेली, खिशात फोन वाजतोय, देवकीच असणार, पण त्या घोंघाटात ऐकतो कोण?

मांद्र्याला एका गेस्टहाऊसपुढे पिवळी सापडली. मालक गॉगलवाला, पोट त्याच्या आधी गाडीतून उतरलं. गौरेश म्हणाला, "तुम्ही हात केला नाही." तो पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "केला की! दोन बोटं उचलली. तुमच्या गाडीला आम्ही दोनच बोटं देतो."

दोन बोटं! म्हटलं, आता जुंपणार. छे! याचा चेहरा असा खुलला... "मगे बरें! म्हाका दिसलीं नात!" मग गळाभेट काय, एकमेकांच्या गाड्यांचे फोटो काय, अर्धा तास! आणि मी खाली रुतलेला, ओढून काढायला कुणी नाही!

डिचोलीला पोचलो साडेबारा वाजून गेल्यावर. पंगत बसलेली. मामाच्या जागी आमच्या वाड्यावरचा सदाशिव उभा राहिला होता, टेम्पोने खुर्च्या घेऊन गेलेला! अंगावर हमालीचा शर्ट, कपाळाला मात्र मानाचं कुंकू. गौरेशने मांडवाच्या दारातून बहिणीला हात केला. देवकीने पाहिलं... पाहिलं बरं का, आणि भाताचं भांडं घेऊन पंगतीकडे वळली. हात केला नाही!

याचा हात तसाच वर राहिला. वाईट वाटलं हो, बाप आहे मी. म्हटलं, आता तरी शहाणा होईल.

येताना मी सदाशिवच्या टेम्पोत बसलो, चारला घरी. गौरेश आमच्या आधी निघालेला... तो पोचला दिवेलागणीला. वाटेत पुन्हा कुणीतरी हात केला नसणार.